लिस्बनचं पत्र आणि म्हापशाची दुपार

गोव्यात तीन दिवस राहून समुद्र न बघता परत आलेला आमच्या मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कातला पहिला माणूस मीच असेन. परतलो त्या दिवशी जिन्यातच वरच्या मजल्यावरच्या मेहताभाईंनी विचारलं, "काका, कौनसा बीच देखा?" मी म्हटलं, "म्हापसा रजिस्ट्रार ऑफिस." त्यांनी मान डोलावली आणि दिवाळीच्या सुट्टीत तिथेच जायचं ठरवून टाकलं. त्यांचा गैरसमज मी अजून काढलेला नाही. पण त्या निमित्ताने सगळंच सविस्तर लिहून काढावंसं वाटलं, जे गोव्याला गेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि जे जाऊन नुसता समुद्र बघून आले त्यांच्यासाठीही.

आधी माझ्याबद्दल. मी एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलं. आलेल्या प्रत्येक पत्राला मुदतीत उत्तर गेलंच पाहिजे, आणि तेही सुबक इंग्रजीत, हा माझा बाणा. माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम हलवायला साहेब लोकही धजत नसत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे आहे थोडी बढाई, पण पुढच्या हकिगतीला ती लागणार आहे.

मुलगी शुभदा वकील. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी कुणी चढलं नव्हतं. ही चढली ती थेट काळा कोट घालून. ठाण्याच्या कोर्टात तिला तीन वर्षं झाली होती आणि घरी येणारी अशिलं अजून बिनपैशाचीच जास्त होती. त्यातलीच एक मंगल. भाईंदर पूर्वेला गोडदेवात भावाकडे राहायची, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. माहेर राजापूरकडचं, सासर म्हापशाजवळच्या एका गावातलं. गावाचं नाव तिने लिहू नका म्हटलंय, म्हणून लिहीत नाही.

तिचा नवरा उल्हास लग्नानंतर तीन वर्षांनी पोर्तुगालला गेला. पोर्तुगीज अमदानीत जन्मलेल्या गोवेकरांना तिकडचा पासपोर्ट मिळतो, तसा त्यालाही मिळाला. गेला तो सहा वर्षं फिरकलाच नाही. मागे घरात मंगल आणि अंथरुणाला खिळलेली सासू. सासूचं सगळं हिने केलं, शेवटचं पाणीही हिनेच पाजलं. मग वहिनीच्या बाळंतपणाला म्हणून दोन महिने गोडदेवला आली, आणि तेवढ्यात दिराने घराचं कुलूप बदललं. पाठोपाठ निरोप आला की उल्हासने आपल्या नावचं घर विकायला काढलंय, तुझा काही संबंध नाही. आणि त्यानंतर आलं ते लिस्बनच्या कोर्टाचं रजिस्टर पत्र.

वर पोर्तुगीज, खाली इंग्रजी तर्जुमा. उल्हासने तिकडे घटस्फोट मागितलाय, तीस दिवसांत उत्तर द्या, नाही तर पुढची कारवाई होईल. मंगल आमच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसून म्हणाली, "काका, मला तो माणूस नको हाय आता. पण ते घर माझं हाय. आठ वर्षं मी त्या घरात मेलेय."

शुभदाने पत्र वाचलं, घडी घातली आणि फायलीत ठेवलं. "मंगलताई, हे माझ्याकडे राहू दे. आणि बाबा, तुम्ही याला हात लावू नका."

वीस दिवस झाले तरी त्या पत्राला उत्तर नाही! ती आपली म्हापशाच्या कोर्टात दावा लावायच्या तयारीत, आणि इकडे मुदत संपत आलेली. माझा जीव खालीवर व्हायला लागला. तरुण वकिलांना आवक-जावकीचं गांभीर्य नसतं, हे मी मनाशी ठरवून टाकलं आणि गुपचूप पत्राची नक्कल काढून उत्तर लिहायला बसलो. पाच वेळा मसुदा बदलला. शेवटी तीन पानांचं असं इंग्रजी उतरलं की चौतीस वर्षांत तसं उतरलं नव्हतं. उल्हासच्या एकेका मुद्द्याचं खंडन, शेवटी 'माननीय न्यायालयाने न्याय करावा' अशी नम्र विनंती. आम्ही तिघं म्हापशाला निघायच्या आदल्या संध्याकाळी मंगलची सही घेतली.

"ताईंना सांगितलं काय?" तिने विचारलं.

"सांगू नंतर. आधी जावक होऊ दे."

बुधवारी म्हापशात पोचलो की रजिस्टर करायचं, असं ठरवून लिफाफा शबनम पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

बांदा नाका

रात्रीच्या बसचा प्रवास वर्णन करण्यासारखा नसतो. सकाळी जाग आली तेव्हा कोकण रेल्वेचे उंच खांब उभे होते, त्यांच्यावर रूळ अजून पडायचे होते. बांद्याला महाराष्ट्र संपला. पलीकडे गोव्यात पाऊल टाकतो न टाकतो तोच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारूच्या दुकानांची रांग सुरू झाली. सकाळचे सात वाजले होते आणि दुकानदार बाटल्यांवरची धूळ पुसत होते.

"बघा बाबा," शुभदा म्हणाली, "तीच बाटली, तोच माणूस. इथे ती किराणा. पन्नास पावलं मागे परवान्याशिवाय नेली तर गुन्हा."

"हद्दीचा खेळ सगळा," मी म्हटलं. आम्हा मीरा रोडवाल्यांना हद्द समजावून सांगावी लागत नाही. आमच्या इमारतीमागचं गटार नगरपरिषदेचं, त्यापलीकडचं मिठागर केंद्र सरकारचं, मधला रस्ता कुणाचा हे अजून ठरायचंय, आणि डास तेवढे निर्विवाद आमचे. स्टेशनच्या पुलावर पाकीट गेलं तर रेल्वे पोलीस. तेच पायऱ्या उतरून गेलं तर गावचे. माझं एकदा नेमकं शेवटच्या पायरीवर गेलं होतं, तर दोन्ही चौक्यांनी मला एकमेकांकडे पाठवलं. पाकीट मिळालं नाही, पण दोन्हीकडे चहा मिळाला.

"लग्नाचंही तसंच आहे," शुभदा सांगायला लागली. "आपल्याकडे नवऱ्याच्या नावचं घर नवऱ्याचं. इथे गोव्यात अजून पोर्तुगीजांच्या वेळचा कायदा चालतो. वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की दोघांचं सगळं एकत्र, आणि त्यातलं निम्मं बायकोचं. तिच्या सहीशिवाय नवरा घर विकू शकत नाही."

पुढच्या सीटवरची मंगल वळून ऐकत होती. "म्हणजे निम्मं घर माझंच?"

"लग्न इथल्या वहीत पुरं झालेलं असेल तर."

मी शुभदाला हळूच म्हटलं, हा कायदा आईला सांगू नकोस. तिने फोनवर त्याच दिवशी सांगितला.

म्हापसा, बुधवार

लॉजच्या खालच्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव खाल्ला. आमच्याकडे पाव म्हणजे पाव. इथे त्याची चार नावं आणि चार आकार. बांगडीसारखा कडक एक, कोंडा लावलेला चपटा एक. मी चारही मागवले आणि शुभदाच्या नजरेकडे दुर्लक्ष केलं. कोंड्याच्या पावाची सर कशाला नाही. येताना सहा आणले, घरी पोचेपर्यंत ते विटांइतके कडक झाले होते.

रजिस्ट्रारच्या कचेरीत जुन्या वह्यांचा कारकून विठूबाब भेटले. सत्तरीकडे झुकलेले, कधीच निवृत्त झालेले, पण जुनी पोर्तुगीज अक्षरं वाचणारं दुसरं कुणी नाही म्हणून रोज बोलावले जाणारे. टेबलावर फायली अशा रचलेल्या की मला थेट माझ्या कचेरीत गेल्यासारखं वाटलं. मी मुद्दाम त्यांची आवक-जावक वही उघडून बघितली. नंबर एकही चुकलेला नव्हता. माणूस मला तिथेच आवडला.

शुभदाने काम सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "वकीलबाई, तुमी मुंबयच्यो. इथली रीत वेगळी. वहीत दोनदा सही करावी लागते. पहिली सही म्हणजे नुसता इरादा, आमी लग्न करणार म्हणून. मग पंधरा-वीस दिवस कोणाची हरकत येते का बघतात. आणि मग दुसरी सही. ती केली की लग्न. भटान मंगळाष्टकां म्हटलीं, गावजेवण झालें, तरी दुसरी सही ना तर सरकाराच्या दफ्तरात तुमी अजून कुंवारचीं."

हे आम्हाला अगदीच नवीन नव्हतं, कारण दिराचं म्हणणंच ते होतं. एकच सही झाली, दुसरीला दोघं गेलेच नाहीत, तेव्हा बायकोही नाही आणि निम्मं घरही नाही. मंगलला काहीच आठवत नव्हतं. "सही केलेली आठवते. किती वेळा केली ते कसं आठवणार? लग्नात माणूस सांगेल तिथं सही करतो."

विठूबाबांनी पहिली सही दहा मिनिटांत काढून दिली. दुसरी मात्र सापडेना. त्या वर्षाच्या तीन वह्या होत्या आणि एकीची शिवण सुटून पानं वेगळी बांधलेली. ती पानं काढायला त्यांनी हात घातला आणि एवढ्यात घड्याळात एक वाजला. विठूबाबांनी चष्मा काढला, डबीत ठेवला आणि उठले.

"अहो, एकच पान राहिलंय!" मी म्हटलं.

"तीन वाजतां येयात," ते शांतपणे म्हणाले. "आतां जेवण, आणि मग मात्शी न्हीद."

म्हणजे झोप! सरकारी कचेरीत भर दुपारी झोप! चौतीस वर्षांत मी टेबलावर डोकं टेकलं नाही, आणि इथे सगळं गाव एक वाजता शटर ओढून घरी. शुभदा आणि मंगल जेवायला गेल्या. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि लिफाफा घेऊन पोस्टात गेलो. पोस्ट तर केंद्र सरकारचं. तिथे म्हापशाच्या झोपेचा अंमल नसेल अशी माझी खात्री.

रजिस्टरची खिडकी बंद होती. आत एकच बाई डबा खात बसली होती.

"परदेशचं रजिस्टर आहे, पोचपावतीसह," मी जाळीतून म्हटलं.

"त्याचे दर बघणारो मनीस घरा गेला. तीन वाजतां."

"मुदत संपतेय हो बाई."

"साधें पत्र पेटींत घालात."

साधं! कोर्टाचं उत्तर, पोचेशिवाय, पेटीत! मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने डब्याचं झाकण लावलं. लिफाफा परत शबनममध्ये टाकून आणि दुपारच्या झोपेला मनातल्या मनात जे सुचेल ते बोलून मी लॉजवर आलो.

तीनला पोस्टात जायचं तर शुभदाला काय सांगणार? नाइलाजाने तिच्याबरोबर रजिस्ट्रारकडे गेलो. विठूबाब ताजेतवाने होऊन आले. सुटी पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "ही पळय गो बाय. तुझीच मगे?"

मंगल वाकली. दुसरी सही होती. पहिल्या सहीपासून अठराव्या दिवशीची, दोघांची, खाली दोन साक्षीदार. त्यातली एक तिची सासू, अंगठ्याचा ठसा.

मंगल त्या ठशाकडे बघत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. "आता आठवलं," ती म्हणाली. "सासूनेच नेलं होतं हाताला धरून. उल्हास म्हणत होता, कशाला परत, झालं की एकदा. ती म्हणाली, पोर परगावची आहे, तिचं पक्कं करायचं." शुभदा तिच्याजवळ बसली. मी आणि विठूबाब उगाच वह्या नीट लावत राहिलो.

पक्की नक्कल हातात पडेपर्यंत पाच वाजले, आणि पोस्ट बंद. निघताना विठूबाबांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि चोळायला म्हणून काजूच्या फेणीची बाटली हातात ठेवली. पैसे घेईनात. "जो कायदो आमी वापरतांव तो पोर्तुगालान आपल्या घरांत केन्नाच बदललो," ते हसत म्हणाले. "जल्मलो थंय मेलो, हांगा अजून जितो आसा. तुमचे वकीलबायेक सांगात, ताचो बरो उपेग कर."

मंगलचं घर, गुरुवार

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात जायचा माझा बेत शुभदाने सात वाजताच मोडला. जागेचा पंचनामा करायचा म्हणून पहिल्या बसने मंगलच्या गावाला नेलं. घर बसकं, मंगलोरी कौलांचं, पुढे लांब ओटा आणि दाराला दिराचं नवं कोरं कुलूप. आत जाता येईना, तर मंगलने मागच्या बाजूने सगळं घर बाहेरूनच दाखवलं: ही न्हाणी, ही सासूची खोली, ही खिडकी मी लावून घेतली. मागे विहीर होती. रहाट तिनेच बसवून घेतलेला. पोहरा सोडला आणि हातभर दोर गेला न गेला तोच पाणी लागलं. आम्ही सिल्व्हर पार्कात टँकरच्या मागे बादल्या घेऊन धावणारी माणसं. मी पोहराभर पाणी नुसतं डोक्यावर ओतून घेतलं आणि कपडे वाळेपर्यंत उन्हात उभा राहिलो.

शेजारणीने जेवायला बोलावलं. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण म्हणजे कालवण, सोलकढी. जेवता जेवता मंगलने विचारलं, "ताई, त्या लिस्बनच्या पत्राला उत्तर नको द्यायला? काही लिहिलंच नाही तर ते आपल्या विरुद्ध जाईल ना?"

हे तिने माझ्याकडे बघत विचारलं. मी हुमणात काटे शोधायला लागलो.

"उत्तर द्यायचंच नाही, म्हणून तर पत्र फायलीत ठेवलंय," शुभदा म्हणाली. "तुम्ही कधी लिस्बनला गेलात? तिथे राहिलात? लग्न तिथे झालं? मग त्या कोर्टाचा तुमच्यावर काय हक्क? पण तुम्ही तिथे उत्तर पाठवलंत, 'हे खोटं, ते खरं, माझा न्याय करा' म्हणालात, की तुम्हीच त्यांना न्यायाधीश मानलं. मग तिकडचा निकाल लागला की उल्हासचा वकील इथे म्हणणार, बाई स्वतःच्या पायाने आमच्या कोर्टात आल्या होत्या. तो निकाल इथे मानला गेला की तुम्ही त्याची बायको नाही, आणि घराचं भांडण आणखी दहा वर्षं."

मंगलचा चेहरा पांढरा पडला. बांगड्याचा काटा घशात अडकला म्हणून मी खोकायला लागलो, आणि मंगल भाताचा गोळा माझ्या ताटात टाकत घाबऱ्या आवाजात पुटपुटली, "काका, टाकलं?"

मी शबनमवर हात ठेवला आणि मान हलवली. नाही म्हणून. तिने डोळे मिटले आणि मोठ्याने "देवा!" म्हणाली. शुभदाला वाटलं काट्यासाठी म्हणाली.

त्या दुपारी मी ओट्यावर पडलो पण झोप आली नाही. म्हापशाच्या ज्या झोपेला मी नावं ठेवली होती तिनेच या बाईचं घर वाचवलं होतं. पोस्टातला तो दर बघणारा माणूस त्या दिवशी दोन घास कमी जेवून लवकर आला असता तर? मी माझ्या पोरीला आवक-जावक शिकवायला निघालो होतो. लाज वाटली, अगदी खरी लाज वाटली.

कोर्ट, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. चटया, मडकी, लांबलचक केळी, सुकी मासळी, मिरच्यांचे ढीग. त्यातून वाट काढत आम्ही कोर्टात पोचलो तेव्हा शुभदाच्या काळ्या कोटाला सुक्या बोंबलांचा वास लागला होता. तिची सनद महाराष्ट्र आणि गोवा अशी एकत्रच आहे, त्यामुळे तिथे उभं राहायला तिला कुणाची परवानगी लागली नाही. दावा आधीच दाखल झाला होता आणि दिराला नोटीसही गेली होती. तो आपला वकील घेऊन हजर होता. वकील माझ्या वयाचे, केस पिकलेले, बोलताना बोटात पेन फिरवणारे.

पुकारा झाला, शुभदा उठली, आणि मीही उठलो. पट्टेवाला धावत आला. "बसात, तुमकां आपयला ना." म्हणजे मला कुणी बोलावलेलं नव्हतं. मी बसलो. पाचेक मिनिटांनी ती बोलायला लागली तसा परत कधी उठलो मला कळलं नाही. या वेळी त्याने खांदा धरून बसवलं आणि माझ्या शेजारीच बसून राहिला.

नक्कल दाखवल्यावर एका सहीचा मुद्दा वितळून गेला. मग पिकल्या केसांच्या वकिलांनी दुसरं अस्त्र काढलं. नवरा आता पोर्तुगालचा नागरिक, प्रकरण तिथल्या कोर्टापुढे, बाईंना तिथली नोटीस मिळालेली आहे, तेव्हा या कोर्टाने थांबावं आणि बाईंनी तिकडेच जावं.

न्यायाधीशांनी शुभदाकडे पाहिलं. "तुमच्या अशिलाने त्या कोर्टाला काही उत्तर दिलंय का?"

शबनम माझ्या मांडीवर होती. आत लिफाफा, लिफाफ्यात माझं तीन पानांचं इंग्रजी, खाली मंगलची सही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मंगलने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही," शुभदा म्हणाली. "एक ओळही नाही. त्या तिथे गेलेल्या नाहीत, वकील दिलेला नाही, त्या कोर्टाला त्यांनी मानलेलं नाही. उल्हास यांनी देश बदलला, तो त्यांचा हक्क. पण लग्न ज्या कायद्याने झालं तो बदलून नेता येत नाही. आणि वाद घराचा आहे. घर इथून सात मैलांवर आहे, विहिरीसकट. ते लिस्बनला हजर होऊ शकत नाही. घराचा निवाडा घर असेल तिथलंच कोर्ट करणार."

आवाज चढवला नाही, हात हलवला नाही. हीच पोरगी पाचवीत वक्तृत्व स्पर्धेत दोन वाक्यं बोलून रडत खाली आली होती. माझी छाती अशी भरून आली की शेजारच्या पट्टेवाल्याला सांगितल्याशिवाय राहवेना. "माझी मुलगी," मी म्हटलं. तो म्हणाला, "कळ्ळें म्हाका. दोनदां उठलात तेन्नाच कळ्ळें."

हुकूम झाला तो असा: पुढचा निकाल लागेपर्यंत घर विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, आणि मंगलला तिथे राहायला आडकाठी करायची नाही. दिराने चावी वकिलाच्या हातात दिली, वकिलांनी शुभदाच्या, आणि शुभदाने मंगलच्या. त्या पिकल्या केसांच्या वकिलांनी जाताना थांबून शुभदाला विचारलं, "बाय, कुणाकडे शिकलीस?" ती म्हणाली, "ठाण्याला." मला वाटलं होतं माझं नाव घेईल. पण ठीक आहे.

परत

मंगल परत गोडदेवला आलीच नाही. कारखान्यात कळवा म्हणाली आणि त्याच संध्याकाळी कुलूप उघडून झाडलोट करायला लागली. फेणीची बाटली मी तिच्याकडेच ठेवली. बांद्यापलीकडे त्या बाटलीपायी मला वकील करावा लागला असता, आणि माझ्या वकिलाने मला सोडवलं असतं याची त्या दिवशी खात्री नव्हती. कारण बसमध्ये बसल्यावर मी शुभदाला लिफाफा दिला आणि सगळं सांगितलं.

तिने तीनही पानं वाचली. सावंतवाडी येईपर्यंत पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाली, "बाबा, इंग्रजी सुंदर आहे."

"ते आहेच."

"इतकं सुंदर की लिस्बनवाल्यांनी आपल्याला सोडलंच नसतं." आणि हसायला लागली. मग रागवली, आणि कणकवलीपर्यंत रागवत राहिली. मी सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर त्या पत्राच्या कोपऱ्यात लाल शाईने 'दप्तरी दाखल' लिहिलं आणि खणात ठेवून दिलं. माझ्या हयातीत सही होऊनही बाहेर न गेलेलं ते एकमेव पत्र.

तीन महिन्यांनी एका संध्याकाळी शुभदा घरात शिरली ती कोट न काढताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हापशाच्या कोर्टात उल्हासचा जबाब दाखल झाला होता. अकरा पानं. मी चष्मा लावून वाचला. प्रत्येक मुद्द्याचं खंडन, स्वल्पविराम जागच्या जागी, शेवटी 'माननीय न्यायालयाने घराचा आणि लग्नाचाही निवाडा करावा' अशी नम्र विनंती. तिकडेही कुणी तरी माझ्यासारखाच मसुदा करणारा बसलेला असणार.

"बाबा, कळलं का?" ती म्हणाली. "'हे कोर्ट मला लागू नाही', एवढी एकच ओळ लिहायची होती त्याने. त्याऐवजी अकरा पानं भांडलाय, आणि वर लग्नाचाही निवाडा मागितलाय. आला तो आपल्या हद्दीत. स्वतःच्या पायाने."

मी ती अकरा पानं पुन्हा चाळली. इंग्रजी खरोखर उत्तम होतं.

रात्रीचं जेवण उरकायच्या आतच मंगलचा फोन आला, गावच्या बूथवरून. बातमी तिला कळली होती. मागे कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज येत होता आणि ती ओरडूनच बोलत होती. "काका, त्याने एवढं लिहिलंय म्हणतात. आता तरी उत्तर द्यायचं ना आपण? तुम्ही लिहाल?"

अकरा पानांचं उत्तर माझ्या डोक्यात पहिल्या वाक्यासकट तयार होतं.

"थांब," मी म्हटलं, "वकिलांना विचार." आणि रिसीव्हर शुभदाच्या हातात दिला.